खोपींतला खोकला



भवानीनगर, माळेगांव, सोमेश्वर येथील कारखान्यांचीं धुराडीं पेटलीं, कीं बीडकडील ऊसतोड कुटुंबें बारामती-इंदापुरांत उतरतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला म्हणजे क्षयाची शंका. रॉबर्ट कॉख ह्यांनीं १८८२ सालीं त्याचे जंतू दाखविले. बेडक्याची तपासणी सरकारी दवाखान्यांत फुकट होते. पण दवाखाना गांठावा तर खाडा पडतो, आणि उचल तर आधींच अंगावर! तेव्हां तपासणीच खोपीपर्यंत गेली पाहिजे, असें आम्हांस वाटतें. उपचार बहुधा सहा महिन्यांचा, हंगाम त्याहून आखूड. रोगी गांवीं परततो आणि औषधांत खंड पडतो. म्हणून निक्षय नोंदीचा क्रमांक मुकादमाच्या वहींत नव्हे, रोग्याच्याच हातीं द्यावा. म्हणजे गांवच्या दवाखान्यांत तेंच औषध पुढें चालतें.