मोटारीतील धातूंची पारख

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने यंदा आम्हांस काही उपयुक्त बोलण्याची आज्ञा केली आहे. आम्ही पेशाने शिक्षक, विद्येने मॅट्रिक. समोर पदवीधर इंजिनिअर बसले असता मोटारीच्या धातूंविषयी तोंड उघडणे हे धाडसच होय. तथापि आपली ज्ञाती भाता आणि ऐरण यांच्या सोबतीने वाढलेली. आज आपल्यातील कित्येक तरुण पिंपरी, भोसरी व चाकण येथील कारखान्यांत आहेत. काहींनी लहान वर्कशॉपे काढून मोटारींचे सुटे भाग पुरविण्यास आरंभ केला आहे. एखाद्या भागासाठी धातू निवडणे त्यांच्या वाट्यास क्वचितच येते. दुसऱ्याने निवडलेला धातू बदलण्याचा मोह मात्र वरचेवर येतो. म्हणून हा विषय घेतला.

प्रथम आमच्याच घरची एक हकीकत सांगतो. ती सांगताना आजही संकोच वाटतो.

१९७४ साली आम्ही नववीत होतो. आमच्या तीर्थरूपांची लोहारशाळा गावात नावाजलेली होती. उसाच्या हंगामात एक बागाईतदार तक्रार घेऊन आले. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडण्याची जी पिन असते ती दर महिन्या-दोन महिन्यांनी वाकते, झिजते. एकदाची मजबूत करून द्या, असे त्यांचे म्हणणे. वडिलांनी मोडीतल्या ट्रकचा हाफ-शाफ्ट काढला, त्याची पिन घडविली आणि छिन्नीला देतात तसे तिला कडक पाणी दिले. कानसही तिच्यावरून घसरत होती. वडिलांना समाधान वाटले, बागाईतदारांनाही वाटले. तीन आठवड्यांनी भरलेली ट्रॉली चढावर असताना एक हिसका बसला, पिन कचकन तुटली आणि ट्रॉली उलटी घरंगळली. मागून चालणाऱ्या एका ऊसतोड मजुराचा पाय गुडघ्याखाली गेला.

वडिलांनी त्या पिनचे दोन्ही तुकडे मागून आणले. ती तसूभरही वाकली नव्हती. तुटलेला पृष्ठभाग साखरेच्या खड्यासारखा चमकत होता. पुष्कळ वेळ पाहून ते एवढेच म्हणाले, "जुनी पिन वाकत होती, म्हणजे सांगत होती. ही काही न सांगता गेली." त्या मजुराच्या घरी पुढे काही वर्षे आमच्याकडून धान्य जात असे. त्याने पाय परत आला नाही, हे सांगावयास नको.

यात वडिलांची चूक कोणती? त्यांनी हलका धातू वापरला नाही. उलट अधिक भारी वापरला. चूक ही की, 'मजबूत' या एका शब्दात आपण तीन-चार निरनिराळे गुण कोंबतो. कठीण म्हणजे ज्यावर ओरखडा उठत नाही, जो झिजत नाही. चिवट म्हणजे जो तुटण्यापूर्वी पुष्कळ सोसतो, ताणतो, वाकतो. ताठर म्हणजे जो भाराखाली थोडाच लवतो. आणि पेलण्याची ताकद ही याहून वेगळी. काच कठीण आहे, ताठर आहे, परंतु चिवट नाही. पोलादाला पाणी दिले की काठिण्य वाढते आणि चिवटपणा घटतो. मग पुन्हा बेताने तापवून ते पाणी थोडे उतरवावे लागते. किती उतरवावयाचे हे काम पाहून ठरते. छिन्नीला जे शोभते ते पिनला घातक ठरले.

हा सारा खेळ बव्हंशी कार्बनच्या चिमटीचा आहे. नरम लोखंडात, म्हणजे माइल्ड स्टीलमध्ये, तो शेकडा पाव भागाच्या आत असतो. शाफ्टच्या पोलादात शेकडा ०.४ च्या आसपास, कमानपाट्यांत ०.५ ते ०.६५, आणि बिडात अडीच ते चार. एवढ्या अल्प फरकाने एकाच लोखंडाचे स्वभाव इतके पालटतात की, सख्ख्या भावांचे स्मरण व्हावे.

आपल्या पूर्वजांना हे प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते. बैलगाडीचे चाक बाभळीचे, कारण ती कठीण असून चिवट. त्यावर धाव लोखंडाची, ती तापवून चढवावयाची म्हणजे थंड होताना आवळून बसते. कुऱ्हाडीचे अंग नरम लोखंडाचे व धारेला तेवढी पोलादाची पट्टी. अंगाने धक्का सोसावयाचा, धारेने कापावयाचे. मोटारीच्या गिअरचा दाता नेमक्या याच युक्तीने करतात. सुमारे ०.२ टक्के कार्बनचे पोलाद घेऊन दाते पाडतात, नंतर कार्बनयुक्त वायूत ९०० ते ९५० अंश सेल्सिअस उष्णतेत काही तास ठेवतात आणि तेलात विझवितात. कार्बन साधारण एक मिलिमीटर आत शिरतो. वरची साल कठीण होते, गाभा चिवट राहतो. कुऱ्हाड पाहिलेल्या मुलाला हे समजण्यास अडचण पडू नये. शाळेत मात्र आम्ही कधी कुऱ्हाड नेऊन दाखविली नाही, ही आमची कसूर.

बिडाला आपण ठिसूळ म्हणून नाक मुरडतो. पण ब्रेकची तबकडी आजही बहुधा बिडाचीच असते. ते उष्णता चांगली वाहून नेते, स्वस्तात ओतता येते, आणि त्यातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे थरथर जिरते. काचेचीही तीच कथा. समोरची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा घालून केलेली, म्हणून फुटली तरी जागेवर राहते. बाजूची काच उष्णतेची प्रक्रिया केलेली; ती फुटते तेव्हा बोथट दाण्यांचा ढीग होतो. काच एकच, पण दोन ठिकाणी फुटण्याच्या दोन रीती ठरवून दिलेल्या.

आता ॲल्युमिनियम. "हलके आहे, तर सारी मोटार त्याचीच का करीत नाहीत?" हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. ऑडी कंपनीने १९९४ मध्ये ए-८ ही गाडी ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर काढली, तेव्हा ते अशक्य नाही. पण हिशेब पाहू. घनतेत पोलाद ७.८५, ॲल्युमिनियम २.७, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश. परंतु ताठरपणाही एकतृतीयांशच. नुसती ओढ सोसणारी दांडी करावयाची, तर तेवढीच ताठर राखण्यास ती तिप्पट जाड छेदाची घ्यावी लागते, आणि वजनाचा सारा लाभ तेथेच संपतो. पत्र्याची गोष्ट निराळी. वाकण्यातील ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून पोलादाच्या एक मिलिमीटर पत्र्याऐवजी ॲल्युमिनियमचा सुमारे १.४४ मिलिमीटर पत्रा पुरतो. वजन निम्मे होते. बॉनेटला ॲल्युमिनियम लाभते आणि ओढदांडीला लाभत नाही, याचे मर्म हे आहे. धातू तोच, आकार आणि भार बदलला की उत्तर बदलते. केंब्रिजचे प्राध्यापक मायकेल ॲश्बी यांनी या पद्धतीने धातू, प्लॅस्टिक, लाकूड सर्वांना एकाच नकाशावर मांडून निवडीचे शास्त्रच तयार केले. यात पुढे किमतीचा हिशेब येतो, जोडकामाचा येतो, गंजण्याचा येतो. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांस चिकटून खारट ओलाव्यात राहिले तर ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते; कोकणातल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे. या सर्व कारणांनी साधारण मोटारीच्या वजनात लोखंड-पोलादाचा वाटा अद्याप निम्म्याच्या वर आहे.

आणखी एका गैरसमजाविषयी बोलणे अगत्याचे आहे. गाडी विकत घेताना आपण बॉनेट अंगठ्याने दाबून पाहतो आणि म्हणतो, "जुन्या गाडीचा पत्रा काय जाड होता!" हे पारखणे आमच्या वडिलांच्या पिनसारखेच. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी आदळली आणि दहा सेंटिमीटरांत थांबली, तर आतील माणसावर जो आघात होईल, तो साठ सेंटिमीटरांत थांबल्यास सहाव्या हिश्श्यावर येतो. ते अंतर मिळावे म्हणून पुढचा भाग मुद्दाम चुरगळू द्यावयाचा आणि माणसे बसतात ती खोली मात्र ताठ राखावयाची, हा विचार बेला बारेनी या अभियंत्याने मर्सिडीजमध्ये मांडला व १९५९ च्या डब्ल्यू-१११ गाडीत तो प्रत्यक्षात आला. म्हणून एकाच सांगाड्यात पुढे चिवट, घड्या पडणारे पोलाद आणि खोलीच्या खांबांना बोरॉनचे अतिकठीण पोलाद असते. हे दुसरे पोलाद ९०० अंशांच्या वर तापवून साच्यातच दाबतात व तेथेच विझवितात. त्याची ताकद माइल्ड स्टीलच्या तिपटीहून अधिक होते. आपल्या देशात ऑक्टोबर १९२३ नव्हे, ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही चाचणी सुरू झाली आहे (शतकाची चूक म्हाताऱ्याला माफ असावी). गाडी घेताना अंगठा दाबण्यापेक्षा तेथील तारे पाहावेत.

आता वर्कशॉपवाल्या बांधवांशी दोन शब्द. माइल्ड स्टीलची सळई आणि ईएन-८ ची सळई शेजारी ठेवा: रंग तोच, वजन तेच. भेद फक्त टोकाला लावलेल्या रंगाने कळतो. आमच्या पुतण्याच्या वर्कशॉपात दोन वर्षांपूर्वी एका नव्या कामगाराने रंगविलेल्या टोकाकडूनच कापावयास सुरुवात केली. उरलेले तुकडे बिनखुणेचे झाले आणि दोन जातींची सरमिसळ होऊन चारशे नग तयार झाले. माप बिनचूक, पॉलिश उत्तम. कोणालाही कळले नसते. पुतण्या रात्री आमच्याकडे आला. आम्ही त्याला उपदेश केला नाही; कपाटातले ते दोन तुकडे काढून त्याच्या पुढ्यात ठेवले. त्याने सकाळी ग्राहक कंपनीस कळविले आणि सर्व नग प्रयोगशाळेत नेले. एकशे चौदा नग भलत्याच पोलादाचे निघाले. त्या महिन्यात त्याने हप्ता उसना घेऊन भरला. आता त्याच्याकडे सळई नेहमी बिनरंगाच्या टोकाकडून कापतात, आणि प्रत्येक गाडीबरोबर आलेले धातूचे प्रमाणपत्र फाइलीस लागल्यावाचून माल मशीनवर चढत नाही. खर्च म्हणाल तर रंगाच्या एका डब्याचा.

ज्यांच्याकडे लॅब नाही त्यांनी निदान ग्राइंडरवरची ठिणगी पाहावी. माइल्ड स्टीलची ठिणगी लांब आणि साधी पडते. कार्बन वाढला की तिला फुलबाजीसारखे फाटे फुटतात. वडील हाताने फिरविलेल्या सहाणेवर हे पाहत असत. ही खात्रीची परीक्षा नव्हे, पण सरमिसळ झाल्याची शंका यावयास पुरेशी आहे.

त्या पिनचे दोन्ही तुकडे आम्ही आज सोबत आणले आहेत. मागील मेजावर माइल्ड स्टीलच्या एका वाकलेल्या जुन्या पिनसह ठेवले आहेत. विद्यार्थ्यांनी ते हातात घेऊन तुटलेली बाजू उजेडात धरून पाहावी. कडा अजून धारदार आहे, बोट जपावे. पाहून झाल्यावर तुकडे कृपया जागेवर ठेवावेत, ते आम्हांस घरी परत न्यावयाचे आहेत.