फोर-व्हील पिकअपचे पाटे आणि शॉकअप कसे निवडावेत?



बैलगाडी जुंपण्याआधी आपले वाडवडील एक गोष्ट हमखास करीत. गाडी भरली की गाडीवान जू उचलून पाहायचा. ओझे मागे जास्त झाले तर गाडी उलाळ व्हायची, पुढे जास्त झाले तर धुरजड होऊन बैलांच्या मानेवर यायची. दोन-चार पोती पुढे-मागे सरकवून ओझे आखावर आणले, की मगच बैल जुंपायचे. आज आपल्यापैकी काहींच्या दारात चारही चाकांना ओढ असणारी जीप किंवा पिकअप उभी आहे. डोंगरउताराची शेती, पावसाळ्यातला चिखल, ओढ्यातली वाट, तिथे हीच गाडी चालते. पण ओझे पारखायची ती जुनी सवय मात्र बैलांबरोबरच गेली. पाटा मोडला की आपण मिस्त्रीला एवढेच सांगतो, ‘जाड घाल बाबा, परत मोडायला नको.’

आज मला या एकाच वाक्याविषयी बोलायचे आहे. कारण हे वाक्य मी स्वतः बोललो आहे, आणि त्यापायी एकदा जिवावर बेतले होते.

माझी शेती जुन्नर तालुक्यातली. टोमॅटोचा हंगाम होता. नारायणगावच्या बाजारात खेपा चालू होत्या, आणि मागचा एक पाटा मोडला. मी दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पाटे वाढवून घेतले. गाडी मागून चांगली चार बोटे उचलली. गावात सगळे म्हणाले, ‘आता भर पाहिजे तेवढं!’ मीही भरले. पुढच्याच आठवड्यात माल घेऊन माळशेज घाट उतरताना ब्रेक दाबला तर गाडी पुढे नाक खुपसत होती, पण थांबत नव्हती. पुढच्या चाकांतून जळका वास सुटला. सोबत दोन गडी होते. दुसऱ्या गिअरवर कशीबशी उतरवली आणि सपाटीला येऊन तासभर बसून राहिलो.

चूक माझीच होती. काय घडले ते नंतर कळले. पुष्कळ पिकअप गाड्यांना मागच्या अ‍ॅक्सलशी दांडीने जोडलेला एक ब्रेकचा झडपा असतो. गाडी ओझ्याने खाली बसली की तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो, गाडी रिकामी असली की कमी देतो. माझे पाटे इतके ताठ झाले होते, की हौदा भरलेला असूनही गाडी खाली बसेना. झडपा समजला, गाडी रिकामी आहे. मागच्या चाकांना ब्रेक पुरेसा मिळेना आणि सगळा भार पुढच्या ब्रेकांवर आला. ते तापले आणि ढिले पडले.

म्हणून सांगतो, पाटे बदलणे म्हणजे नुसते लोखंड बदलणे नव्हे.

कोणाचे काम काय?

पाटे ओझे पेलतात. शॉकअप ओझे पेलत नाही, ही गोष्ट पक्की ध्यानात घ्या. खड्ड्यात चाक गेले की पाटा दबतो आणि परत उसळतो. ती उसळी आवरण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या आत तेल असते, ते बारीक भोकांतून दाबले जाते आणि हादऱ्याचा जोर उष्णता होऊन निघून जातो. लांब खेपेनंतर शॉकअपला हात लावून पाहा, तो कोमट-गरम लागतो. चारांतला एकच थंडगार असेल तर समजा, तो काम करीत नाही.

तेव्हा गाडी मागे बसते म्हणून भारी शॉकअप घालणे व्यर्थ आहे. तसेच गाडी उड्या मारते म्हणून पाटे वाढवणेही व्यर्थ आहे. पहिला दोष पाट्याचा असतो, दुसरा शॉकअपचा.

मोडलेला पाटा आधी वाचा

मोडलेला पाटा भंगारात टाकण्याआधी तो कुठे मोडला आहे ते पाहा. मधल्या बोल्टाच्या भोकापाशी मोडला असेल तर बहुधा यू-बोल्ट ढिले होते. डोळ्यापाशी मोडला असेल तर शॅकल जाम आहे का, बुश खाल्ले आहे का, ते तपासा. ओझे बेताचे असूनही पाटे वारंवार मोडत असतील तर शॉकअप संपलेले असण्याचा संभव मोठा. कारण न काढता नवा पाटा घातला, तर तोही त्याच वाटेने जातो.

आधी वजन, मग पाटे

गाडीचे आर.सी. बुक काढा. त्यात भरलेल्या गाडीचे एकूण वजन आणि रिकामे वजन, दोन्ही लिहिलेले असते. समजा, एकूण २६०० किलो आणि रिकामे १६०० किलो आहे. तर १००० किलो उरले. पण हे सगळे मालाचे नाही. चालक आणि दोन गडी यांचे मिळून २०० किलो धरा. राहिले ८००. टोमॅटोचे २० किलोचे क्रेट, त्यात रिकाम्या क्रेटचे वजन दोनेक किलो. म्हणजे ३६ क्रेट झाले, की गाडी भरली. तुम्ही नंतर बसवलेला लोखंडी सांगाडा असेल तर त्याचे वजनही यातूनच वजा करा.

आता तुम्ही म्हणाल, ‘आम्ही तर पन्नास भरतो.’ म्हणूनच सांगतो, एकदा नेहमीसारखी गाडी भरा आणि भुईकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडीचे वजन करा, मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून वजन करा. मागच्या अ‍ॅक्सलवर किती येते ते कळेल. हे दोन आकडे कागदावर लिहून मिस्त्रीकडे न्या. डोळ्यांचा अंदाज इथे चालत नाही.

आणि हेही ऐका. पाटे जाड केल्याने गाडीची भारक्षमता वाढत नाही. चासी, अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच राहतात. कायद्यानेही वाढत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर जादा ओझ्याला २०,००० रुपये दंड आहे, वर जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये, आणि जादा माल उतरवण्याचा खर्चही आपलाच. त्याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कारखान्याने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही.

पाटे निवडताना

सपाट जागी रिकामी गाडी उभी करा. मागे दोन्ही बाजूंना अ‍ॅक्सलपासून चासीपर्यंतचे अंतर मोजा. मग ५० किलोची दहा पोती बरोबर अ‍ॅक्सलच्या वर ठेवा आणि पुन्हा मोजा. गाडी ५ सेंटिमीटर बसली, तर दोन्ही बाजूंचे पाटे मिळून प्रत्येक सेंटिमीटरला १०० किलो पेलतात. पूर्ण कायदेशीर ओझ्यावर अ‍ॅक्सल आणि वरचा रबरी ठोकळा यांत तीन-चार बोटे जागा राहत असेल, तर पाटे पुरेसे आहेत. मूळ मापाचेच नवे घ्या. एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर खाली असेल तर ते पाटे थकलेले आहेत.

जाडीची गंमत समजून घ्या. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरचा पाटा घातला तर तो दीडपटही नव्हे, जवळजवळ २.४ पट ताठ होतो. याउलट सहा पाट्यांत त्याच जाडीचा सातवा पाटा घातला तर ताठपणा सुमारे एक षष्ठांशानेच वाढतो. तेव्हा मिस्त्री ‘थोडा जाड’ म्हणाला, तर मोजपट्टी लावा. पुढे गोल गुंडाळीची कॉइल स्प्रिंग असेल तर आणखी सांभाळा. तिथे तारेच्या जाडीचा परिणाम याहूनही जास्त असतो. १२ मिलिमीटरची तार १३ केली, तर ताठपणा एक तृतीयांशाहून अधिक वाढतो.

आपली गाडी जाताना भरलेली आणि येताना रिकामी असते. अशा गाडीला सगळे पाटे ताठ करणे बरे नाही. रिकामी गाडी दगडासारखी आपटते. चिखलात चाक जमिनीला धरून राहत नाही, आणि चाकच अधांतरी असेल तर चारही चाकांची ओढ काय कामाची? त्यापेक्षा मिस्त्री ज्यांना हेल्पर म्हणतात ते पाटे पाहा. रिकाम्या गाडीत ते मोकळे राहतात, ओझे आले की मदतीला येतात. मात्र तुमच्या गाडीसाठी कारखान्याने तशी सोय दिलेली असेल तरच, आणि ओझे मर्यादेत ठेवूनच.

स्प्रिंग मागताना गाडी फोर-व्हील आहे हे आवर्जून सांगा. पुढचा डिफरन्शियल आणि त्याचे शाफ्ट यांमुळे पुढचा भाग जड असतो. साध्या दोन चाकांच्या ओढीच्या गाडीची पुढची स्प्रिंग तिला लागू पडेलच असे नाही.

जुने पाटे ठोकून कमान देणे हे हंगाम काढण्यापुरते ठीक. ते पुन्हा बसतात. गॅसने तापवलेला पाटा मात्र घेऊ नका, त्याचे पाणी उतरते. आणि पाट्याला वेल्डिंग कधीच करू नका. सांधा दिसायला पक्का दिसतो, पण शेजारचे पोलाद ठिसूळ होते.

शॉकअप निवडताना

गाडीचा एक कोपरा जोर लावून दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन गाडी स्थिर झाली तर बरे. दोन-तीन वेळा हिंदकळली तर शॉकअप गेला. बाहेर तेलाचे ओघळ, टायरवर ठिकठिकाणी खळगे, ही त्याचीच लक्षणे. नाशवंत माल नेणाऱ्याला आणखी एक खूण दिसते. क्रेटमधला माल नेहमीपेक्षा जास्त चेपू लागला तर टायरमधली हवा पाहा आणि शॉकअप तपासा. टोमॅटो असो की स्ट्रॉबेरी, बाजारात भाव मालाला मिळतो, रसाला नाही.

साधे तेलाचे आणि गॅस भरलेले, असे दोन प्रकार प्रामुख्याने मिळतात. लांब खडबडीत वाटेवर साध्या शॉकअपमधल्या तेलाला फेस येतो आणि जोर कमी पडतो. दाबाखालचा गॅस तो फेस होऊ देत नाही. रोजची खेप खराब रस्त्याने असेल तर गॅसचा घेणे परवडते. थोडेच अंतर असेल तर चांगला तेलाचाही चालतो.

लांबी नीट जुळवा. गाडी पूर्ण दबली तर आधी रबरी ठोकळा टेकला पाहिजे, शॉकअपचा तळ नव्हे. दोन्ही डोळ्यांची मापे आणि बुश जुन्याशी पडताळून घ्या. आणि एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही शॉकअप एकदम बदला. एक नवा आणि एक जुना म्हणजे एक तरणा आणि एक म्हातारा बैल एका जुवाला.

बसवताना

यू-बोल्ट आणि मधला बोल्ट नवे घाला. बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा, नाहीतर रबर पिळवटून लवकर फाटते. पहिल्या १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा तपासून आवळून घ्या. गाडीची उंची बदलली असेल तर ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, शाफ्टचे क्रॉस तिरपे होऊन आवाज करीत नाहीत ना, ते पाहा. आणि मागे तो दांडीचा झडपा असेल तर गाडीच्या पुस्तकाप्रमाणे तो जुळवून घेतल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका. मिस्त्री विसरेल, तुम्ही विसरू नका.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. पाटा ओझ्यासाठी, शॉकअप उसळीसाठी.
२. भुईकाट्याचा कागद हातात घेऊनच दुकानात जा.
३. पाटा का मोडला ते शोधा, मगच नवा घाला.
४. जाडीत एक-दोन मिलिमीटरचा फरक लहान नसतो.
५. पाटे आणि शॉकअप जोडीने बदला.
६. काम झाल्यावर ब्रेक आधी सपाट रस्त्यावर तपासा, रिकाम्या गाडीत आणि भरलेल्या गाडीतही.

मंडळी, त्या घाटानंतर मी वाढवलेले पाटे काढून मूळ मापाचे नवे घातले, शॉकअपची जोडी बदलली आणि झडपा जुळवून घेतला. आता क्रेट मोजून भरतो. हंगामात एखादी खेप जास्त होते, डिझेल थोडे जास्त लागते. पण घाट उतरताना शेजारी बसलेला गडी निवांत डुलकी घेतो. हातात स्टिअरिंग धरलेल्या माणसाला याहून मोठी पावती कोणती?