जुनी छायाचित्रे आणि नवी साधने
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



कुलवृत्तांतासाठी घरोघरची जुनी छायाचित्रे जमविण्याचे काम मंडळाने आमच्याकडे सोपविले आहे. ती संगणकावर दुरुस्त करण्यास कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे पुष्कळजण आम्हांस विचारतात. अनुभवाने जे कळले, ते निवेदन करतो.

या साधनांचे स्थूलमानाने तीन प्रकार. पहिल्यात फोटोशॉप व जिंप येतात. मूळ चित्रावर पारदर्शक कागदासारखे थर ठेवून त्यांत काम करता येते. फोटोशॉप १९९० साली निघाले. २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या वर्गणीनेच मिळतात. जिंपचा आरंभ १९९५ साली बर्कले येथील दोन विद्यार्थ्यांनी केला. ते विनामूल्य आहे. दुसऱ्या प्रकारात लाइटरूम व डार्कटेबल. कॅमेऱ्यातील शेकडो चित्रांचा उजेड व रंग सुधारण्यास ती उत्तम. मूळ फाइलला धक्का न लावता बदलांची नोंद ती निराळी ठेवतात. लग्नमुंजींच्या छायाचित्रांस ती घ्यावीत. तिसरा प्रकार मोबाइलवरचा : बोट लावताच चेहरा उजळतो.

या तिसऱ्याने आम्हांस धडा दिला. आमच्या वडिलांच्या तरुणपणच्या एकुलत्या एका छायाचित्रावर आडवी घडी पडली होती. नातवाने क्षणात ती घालविली. आम्ही हर्षाने ते आत्याबाईंना दाखविले. नव्वदी ओलांडलेल्या आत्याबाईंनी चष्मा पुसला, पाहिले आणि विचारले, "अरे, हा कोण?"

वडिलांच्या गालांवरील देवीचे वण यंत्राने डाग समजून पुसले होते. लहानपणी धाकटा भाऊ ज्या दुखण्यातून वाचला, त्याची खूण तेवढी नाहीशी झाली होती. वास्तविक छत्तीस वर्षे वर्गात "नीट पाहा" म्हणून सांगणाऱ्या आमच्या ध्यानात हे यावयास हवे होते.

मग आम्ही जिंप शिकलो. शेजारचा भाग उचलून लावणाऱ्या क्लोन या हत्याराने केवळ घडी भरून काढली. तीन संध्याकाळी लागल्या. आत्याबाईंनी या वेळी काही विचारले नाही. चित्रावरून हात फिरविला.

तेव्हा सांगणे इतकेच : छायाचित्र इंचास ६०० बिंदूंनी स्कॅन करावे, मूळ प्रत जपून नकलेवर काम करावे. घरगुती कामास जिंप पुरेसे आहे. ज्याचा हा व्यवसाय आहे, त्याने वर्गणी भरावी. घडी काळाने पाडलेली आहे, ती काढा. वण माणसाचे आहेत, ते राहू द्या. मंडळाकडे मूळ व दुरुस्त, दोन्ही प्रती पाठवाव्यात, ही विनंती करून आपली रजा घेतो.