मुतखडा : पाणी आणि पथ्य
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांनी आज्ञा केली, तेव्हा आम्हांस विषय शोधावा लागला नाही. मुतखड्याच्या कळा आम्ही दोन वेळा सोसल्या आहेत. आणि त्यांतील दुसरी वेळ आमच्याच अज्ञानाने ओढवून घेतलेली होती.

पहिला खडा पडला तो तपासता कॅल्शियमचा निघाला. दहांपैकी सुमारे आठ खडे याच प्रकारचे असतात, आणि त्यांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे अधिक. कॅल्शियम वैरी ठरले, असे समजून आम्ही दूध, दही, ताक सारेच वर्ज्य केले. आप्तेष्टांचाही तोच उपदेश होता. चार वर्षांत दुसरा खडा उभा राहिला!

चूक कोठे झाली, हे मागाहून उमगले. पालक, अळू, बदाम यांत ऑक्झलेट असते. जेवणात दूध-ताक असले, तर त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरते आणि दोन्ही मलावाटे निघून जातात. दूध तोडले की ऑक्झलेट मोकळे राहते, रक्तात शिरते आणि मूत्रपिंडात कॅल्शियमची गाठ घेते. आपल्या आजी-पणजींनी पालकाची भाजी ताकातली केली, ती उगाच नव्हे!

इटलीत पाच वर्षे चाललेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. कॅल्शियम तोडलेल्या ६० रुग्णांपैकी २३ जणांस पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ व मांसाहार कमी केलेल्या ६० जणांपैकी केवळ १२ जणांस. तेव्हा पथ्य करावयाचे ते दुधाचे नव्हे, तर लोणचे, पापड आणि वरून घेतलेल्या मिठाचे. मीठ वाढले की लघवीतून कॅल्शियमही अधिक जाते.

गोळ्यांची गोष्ट निराळी. अमेरिकेत स्त्रियांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत खड्यांचे प्रमाण शेकडा १७ नी अधिक आढळले, असे २००६ साली प्रसिद्ध झाले. हाडांसाठी त्या घ्याव्या लागल्या, तर डॉक्टरांस विचारून आणि जेवणाबरोबर घ्याव्यात. सायट्रेट मात्र खड्याला आळा घालते. ते लिंबात असते. लघवीत ते कमी पडल्यास डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात. परंतु मूत्रपिंड दुर्बल असलेल्यास पोटॅशियम घातक ठरू शकते. म्हणून ते मनाने घेऊ नये.

सर्वांत मोठे औषध पाणी. १९९६ च्या इटलीतील दुसऱ्या प्रयोगात पहिला खडा झालेल्यांपैकी भरपूर पाणी पिणाऱ्यांस पाच वर्षांत शेकडा १२, तर इतरांस शेकडा २७ या प्रमाणात पुन्हा खडा झाला. दिवसाकाठी अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी प्यावे. उन्हाळ्यात घामाची भरपाई निराळी. लघवी फिकट असली की समजावे, पाणी पुरते आहे. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. कळेबरोबर थंडी-ताप आला, तर घरगुती उपाय करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आता शेवटची गोष्ट, थोडी संकोचाची. लग्नकार्यात सकाळपासून सायंकाळपर्यंत पाण्याचा घोटही न घेणाऱ्या भगिनी आम्ही पाहिल्या आहेत. कारण त्या सांगत नाहीत; परंतु ते आपणां सर्वांस ठाऊक आहे. स्वच्छतागृह धड नाही, म्हणून तहान मारावयाची! ‘पाणी प्या’ असा उपदेश त्यांस करण्याचा आपणांस अधिकार तरी कोणता? आपल्या सभागृहात भोजनाच्या पंगतीसाठी दरवर्षी वर्गणी जमते. यंदा त्यातील पहिला हिस्सा स्त्रियांच्या स्वच्छतागृहांकडे वळवावा, अशी सूचना आम्ही आज या व्यासपीठावरून मांडीत आहोत. आणि आमची स्वतःची वर्गणी त्याच खाती जमा करीत आहोत.