शाळा, सेवक आणि विश्वस्त



हिंगोली जिल्ह्यातील जैन समाज हा मुख्यतः व्यापारी समाज आहे. हिंगोलीचा हळदीचा बाजार असो वा वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा येथील पेठ असो, समाजाचा दिवस दुकानाच्या गादीवर उजाडतो. शिक्षणसंस्थेचे विश्वस्तही बहुधा याच गादीवरून उठून सभेस येतात. गादीवर एक सवय जडते. माणूस पटला नाही, तर हिशोब चुकता करून त्यास मोकळे करावे. ही सवय शाळेच्या कार्यालयात शिरली, की शिक्षक आणि व्यवस्थापन यांच्यातील तंट्यास आरंभ होतो.

असा तंटा नवा नाही. १८८४ साली पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत ध्येयवादी तरुणच शिक्षक होते आणि तेच चालकही होते. तरीही वेतन किती असावे, बाहेरील कामातून मिळकत करावी की नाही, या प्रश्नांवर त्यांच्यात तीव्र मतभेद झाले आणि १८९० साली लोकमान्य टिळकांनी राजीनामा दिला. जेथे मालक व नोकर असा भेदच नव्हता, तेथे हे घडले. मग जेथे तो भेद आहे, तेथे केवळ सद्भावनेवर विसंबून कसे चालेल?

म्हणूनच महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि त्याखालील १९८१ ची नियमावली आली. हा कायदा शिक्षकांपुरता नाही. लिपिक आणि शिपाईही त्याच्या छत्राखाली येतात, याचा विसर अनेकांना पडतो. बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनतीचा आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत कर्मचारी शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करू शकतो. अल्पसंख्याक दर्जा मिळाला म्हणजे या कायद्यातून सुटका झाली, अशी समजूत काही संस्थांत आढळते. २०१४ साली केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केल्यावर ती अधिक बळावली. वस्तुतः कायद्याने अल्पसंख्याक शाळेस दिलेली सूट मुख्याध्यापक आणि व्यवस्थापनाने नावे कळविलेल्या फार तर तीन व्यक्ती यांच्या नेमणुकीपुरती आहे. त्यापलीकडचा सारा सेवकवर्ग कायद्याच्या कक्षेतच राहतो.

औरंगाबादेतील, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातील, एका प्राथमिक शाळेचा खटला प्रत्येक विश्वस्ताने समजून घ्यावा असा आहे. शाळेस अनुदान सुरू झाले आणि शिक्षिकेच्या नेमणुकीस कायम मान्यता मिळाली. त्यानंतर शाळेच्या खर्चासाठी दरमहा १,५०० रुपये जमा करावेत, असे कर्मचाऱ्यांना सांगण्यात आले. त्या शिक्षिकेने नकार दिला आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. मग मेमोमागून मेमो निघाले. नोव्हेंबर २००६ मध्ये निलंबन झाले आणि जून २००७ मध्ये सेवा संपुष्टात आली. न्यायाधिकरणाने २००९ साली तो आदेश रद्द करून थकीत वेतनासह पुनर्स्थापनेचा निकाल दिला. उच्च न्यायालयाने थकीत वेतनाचा भाग काढून टाकला, पण सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २०१३ रोजी तो पुन्हा कायम केला. सेवा बेकायदेशीरपणे संपविली असेल, तर पुनर्स्थापनेबरोबर मागील वेतन मिळणे हा सर्वसाधारण नियम आहे, असे त्या निकालाने स्पष्ट केले. आज देशभर या निकालाचा दाखला दिला जातो.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने या प्रकरणाचा जमाखर्च मांडून पाहावा. दरमहा १,५०० रुपयांच्या आग्रहापायी वर्षानुवर्षांचे वेतन, वकिलांचे शुल्क आणि संस्थेची अब्रू खर्ची पडली. ट्रस्टवर असा बोजा येतो तेव्हा तो विश्वस्ताच्या खिशातून जात नाही. समाजाने पै-पै करून दिलेल्या दानातून तो जातो. दान ज्या कामासाठी दिले, ते मात्र मागे राहते.

याचा अर्थ कसूर करणाऱ्यास काही म्हणूच नये, असा नाही. वर्गावर न जाणारा, मुलांना अमानुष मारहाण करणारा शिक्षक असू शकतो. त्याच्यासाठी नियमावलीत रीतसर मार्ग आहे. चौकशी समितीत तिघे असतात: एक व्यवस्थापनाचा, एक कर्मचाऱ्याने निवडलेला आणि एक राज्य वा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या नामिकेतून घेतलेला. ही रचना न्याय्य आहे. पण आरोपपत्र मोघम, साक्षीची नोंद नाही, समितीची रचनाच चुकलेली, अशा स्थितीत संस्थेची बाजू खरी असूनही ती हरते. हे शल्य अधिक बोचते, कारण कसूर करणारा मानाने परत येतो.

दुसरीकडे, शिक्षकांचा प्रत्येक असंतोष संस्थेविरुद्ध नसतो. १४ ते २० मार्च २०२३ या काळात जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यभर संप झाला, त्यात शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारीही होते. ती मागणी शासनाकडे होती. अशा वेळी संपात गेलेल्या शिक्षकास फितूर समजून नंतर वेळापत्रकात त्याचा सूड काढणे, हे व्यवस्थापनाचे काम नव्हे.

बहुतेक तंटे फार पूर्वी थांबविता येतात, आणि त्याची सोयही नियमावलीतच आहे. शाळा समितीत मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतात आणि कायम शिक्षकांचा एक प्रतिनिधी ज्येष्ठतेनुसार पाळीपाळीने घेतला जातो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी समितीची सभा होतच नाही. शिपाई इतिवृत्ताची वही घेऊन दुकानोदुकानी फिरतो, गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता सह्या होतात, आणि शिक्षक प्रतिनिधीस ठराव कळतो तो आदेश हाती पडल्यावर. ज्येष्ठता यादीचेही तसेच. ती दरवर्षी सर्वांना दाखवून सह्या घेतल्या, तर पदोन्नतीचे निम्मे वाद उभेच राहणार नाहीत.

जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वीचा एक रविवार यासाठी पुरेसा आहे. विश्वस्तांनी दुकान मुलांवर सोपवून त्या दिवशी शाळेत बसावे. ज्येष्ठता यादी समोर ठेवावी, शिक्षक प्रतिनिधीस प्रथम बोलू द्यावे आणि इतिवृत्त तेथेच लिहून पूर्ण करावे.

जय जिनेंद्र.