आजार येण्याआधीच कळलं तर



१८९५ साली अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावी पॉलिन ग्रॉस नावाच्या, शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीनं डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं, की घरातली इतकी माणसं कर्करोगानं गेली आहेत की मीही त्यानंच जाणार. तेव्हा तिची प्रकृती उत्तम होती. वॉर्थिन यांनी तिचं बोलणं मनावर घेतलं. आजा, चुलते, आत्या, भावंडं यांची माहिती जमवायला पॉलिननंच मदत केली, आणि १९१३ मध्ये हे घराणं ‘फॅमिली जी’ या नावानं वैद्यकीय नियतकालिकात आलं. पॉलिन मात्र तिनं सांगितलं होतं तशीच, गर्भाशयाच्या कर्करोगानं अकाली गेली.

पुढे ओमाहाच्या डॉ. हेन्री लिंच यांनी अशी घराणी धुंडाळली. कर्करोग रक्तातून उतरतो, हे त्यांचं म्हणणं बरीच वर्षं कुणी फारसं मानलं नाही. आज अशा घराण्यांतला हा आनुवंशिक दोष त्यांच्याच नावानं, ‘लिंच सिंड्रोम’ म्हणून ओळखला जातो.

पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि त्यात चुका राहतात. त्या दुरुस्त करणाऱ्या जनुकांपैकी एक आहे एमएसएच-२. फॅमिली जीमध्ये नेमका तोच बिघडलेला आहे, हे २००० साली सिद्ध झालं. असा दोष आईकडून किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते.

याच घराण्यातल्या कॅनडावासी कादंबरीकार एमी मॅके यांच्यापुढे मग प्रश्न आला, या दोषासाठी जनुकाची चाचणी करायची का? त्यांनी केली, दोष निघाला, आणि २०१९ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं.

दोष निघाला म्हणजे कर्करोग होणारच असं नाही. धोका मात्र बराच वाढतो, आणि लिंच सिंड्रोमच्या बाबतीत त्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे. मोठ्या आतड्याच्या आत दुर्बीण घालून तपासलं, की पॉलिप नावाचे लहान कोंब कर्करोग होण्याआधीच काढता येतात. फिनलंडमध्ये अशा कुटुंबांचा १५ वर्षं मागोवा घेतला. दर तीन वर्षांनी दुर्बिणीनं तपासणी करून घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग ६२ टक्क्यांनी कमी आढळला. आता तर हीच तपासणी दर एक-दोन वर्षांनी करायला सांगतात. मुलंबाळं झाल्यावर गर्भाशय आणि अंडाशय काढून घेण्याचा पर्यायही स्त्रियांपुढे असतो. तो निर्णय सोपा नाही, आणि त्यासाठी कुणी कुणाला घाई करू नये.

चाचणीची सुरुवात मात्र शक्यतो घरातल्या आजारी व्यक्तीपासून व्हावी. तिच्यात नेमका दोष सापडला, की बाकीच्यांत तेवढाच शोधायचा असतो. तो नसला तर खरोखर सुटकेचा श्वास घ्यावा. आपला धोका इतर चारचौघांएवढाच. आजारी व्यक्तीला वगळून धडधाकट माणसाची चाचणी केली आणि काहीच सापडलं नाही, तर त्या उत्तरावर विसंबता येत नाही. कधीकधी अहवालात असाही बदल येतो, ज्याचा अर्थ आज कुणालाच लावता येत नाही. म्हणून आधी आनुवंशिक सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाशी बोलायचं, मग रक्त द्यायचं.

आपल्याकडे चाचणीबद्दल एक भीती असते. मुलीचं लग्न जमेल ना? ही भीती खोटी नाही, तिला हसून चालणार नाही. पण अहवाल अख्ख्या गावाला दाखवायचा नसतो. तो कळायला हवा तो सख्ख्या भावंडांना, मुलांना, चुलत-मावस नातलगांना, कारण त्यांचा जीव त्यात गुंतलेला आहे.

सल्लागार पहिल्याच भेटीत वंशावळ मांडतो. कोण, कशानं, कितव्या वर्षी गेलं, हे विचारतो. आपल्या घरांत याचं उत्तर बहुधा ‘आत्याला पोटाचं दुखणं होतं’ एवढंच मिळतं. बायकांचे आजार तर दाराआडच राहिले. ते पोटाचं दुखणं आतड्याचं होतं की गर्भाशयाचं, हे ठाऊक असलेली एखादी वडीलधारी बाई अजून घरात असेल, तर तिच्याशी निवांत बोलून घ्यावं आणि कपाटातले जुने दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत.