श्वासाची तपासणी आणि आपली मुले
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी वैद्यकाचा माणूस नाही, बी. ए. बी. एड. झालेला साधा शिक्षक आहे. तथापि पावसाळ्यात शिराळ्यासारख्या ओल्या भागात मागच्या बाकावरून येणारी छातीतली शिटी शिक्षकाला ऐकू येतेच. म्हणून या विषयावर चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

दमा म्हणजे केवळ धाप नव्हे. श्वासनलिकांच्या आतील अस्तराला आलेली सूज हे त्याचे मूळ आहे. धाप येते आणि जाते. सूज मात्र मूल अंगणात हसतखेळत असतानाही आत राहू शकते. चार दिवस शिटी वाजली नाही की घरातले कोणीतरी म्हणते, "आता बरा झाला, पंप बंद करा, नाहीतर सवय लागेल." मुलीच्या बाबतीत तर पंपच लपविला जातो, पुढे स्थळ बघताना अडचण येईल ही भीती! मग एके रात्री पोरीला घेऊन गाडी शोधत धावावे लागते. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असा 2019 सालचा जागतिक अंदाज आहे.

ही आतली सूज बाहेरून कळावी कशी? 1991 साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांना माणसाच्या उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात आढळला. दोनच वर्षांनी दम्याच्या रुग्णांत तो बराच जास्त असतो असे दिसून आले. ॲलर्जीच्या सुजेमुळे अस्तरातील पेशी हा वायू अधिक तयार करतात. यावरून श्वासाची तपासणी निघाली.

तीत सुई नाही, रक्त नाही. मुलाने खोल श्वास घ्यायचा आणि नळीतून संथ, एकसारखा सुमारे 6 सेकंद सोडायचा. जोर लावायचा नाही. बासरी वाजविणाऱ्याला हे लवकर जमेल. साधारण पाच वर्षांवरील बहुतेक मुलांना ते करता येते. यंत्र आकडा दाखविते. शंभर कोटी भागांत 20 पेक्षा कमी भाग असतील तर मुलांमध्ये अशी सूज असण्याचा संभव कमी, 35 च्या वर असतील तर जास्त. पंपातील सूज उतरविणारे औषध नियमित घेतले की हा आकडा बहुधा खाली येतो. मूल पंप खरोखर घेते की नुसतेच "घेतला, अम्मी" म्हणते, याचाही त्यावरून थोडासा सुगावा लागतो!

परंतु नुसत्या आकड्यावर विसंबू नये. साध्या ॲलर्जीच्या सर्दीनेही तो वाढतो. तपासणीआधी पालकाची भाजी किंवा बीट खाल्ले तरी वाढू शकतो. काही मुलांना दमा असूनही आकडा कमीच येतो. ब्रिटनमध्ये शेकडो मुलांवर केलेल्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लक्षणांबरोबर हा आकडा पाहून औषध ठरविल्याने झटके कमी झाले नाहीत. निदानासाठी मात्र ब्रिटनच्या 2024 च्या मार्गदर्शनात या तपासणीला मान आहे. यंत्र महाग असल्याने ते प्रत्येक दवाखान्यात मिळणार नाही. मोठ्या शहरातील श्वसनविकार तज्ज्ञांकडे चौकशी करावी. ते नसले म्हणून उपचार अडत नाहीत. फुंकरीचा वेग मोजणारे साधे पीक फ्लो मीटर घरीही वापरता येते.

पंपाची सवय लागते हे खरे नाही. त्यातील औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. गोळीची मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या मापात. मृगावर हैदराबादला जाऊन मासा गिळविणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

धुराकडेही पाहिले पाहिजे. चूल, उसाचे पेटविलेले पाचट, बंद खोलीतला लोबान आणि डासांची कॉइल. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके असतात, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मच्छरदाणी स्वस्त पडते.

तपासणीला जाताना मुलाला तासभर आधी काही खाऊ घालू नये, पळू देऊ नये आणि चालू असलेले सर्व पंप बरोबर न्यावेत. वर्गशिक्षकांनाही मुलाचा आजार सांगून ठेवावा. धाप लागल्यावर घ्यायचा पंप कपाटात नव्हे, मुलाच्या दप्तरात असावा.